साहित्य आणि कृती नसलेली बातमी

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका उजळणी वर्गात आम्ही व्याख्यानासाठी गेलो होतो. दुपारच्या सत्रात एका शिक्षकांनी मेणबत्ती आणि पेल्याचा सर्वपरिचित प्रयोग करून दाखवला. पाण्याच्या ताटलीत दोन मेणबत्त्या उभ्या करून पेटवल्या, त्यांवर काचेचा पेला उपडा घातला. मेणबत्त्या विझल्या आणि पाणी पेल्यात चढले. पट्टीने मोजले तर पेल्याच्या उंचीचा जवळजवळ पाचवा हिस्सा भरला होता. हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, हे सिद्ध झाले. चहाच्या वेळी आम्ही त्यांना सहज विचारले, उत्तर नेहमी इतके बरोबर येते का? ते मोकळेपणाने म्हणाले, “एका मेणबत्तीने नाही येत, सर. दोन लावल्या की येते. आणि पेला हाच लागतो.”

या प्रयोगात पाणी चढते ते मुख्यतः हवा थंड होऊन आकसल्यामुळे. ज्योतीभोवतीची तापलेली हवा आधी प्रसरण पावते, काही हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि मेणबत्ती विझल्यावर उरलेली हवा थंड होते तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच पाणी ज्योत विझल्यानंतर झपाट्याने चढते. ऑक्सिजन तर सगळा वापरलाच जात नाही. त्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांपर्यंत उतरले की ज्योत विझते. मेणबत्त्या वाढवल्या की उष्णता वाढते आणि पाणी अधिक चढते. एक पंचमांश हे उत्तर पेला आणि मेणबत्त्या निवडून मिळवलेले होते.

या शिक्षकांना खोटे बोलायचे नव्हते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो हे खरेच आहे. निष्कर्ष खरा आणि त्याचा पुरावा मात्र जुळवून आणलेला, असा हा प्रकार. अशा प्रकाराचे काय होते याचे एक मोठे उदाहरण दूरचित्रवाणीच्या इतिहासात आहे. त्यातही एक प्रयोगच होता, म्हणून विज्ञान शिकवणाऱ्यांनी त्याकडे बारकाईने पाहावे असे आम्हाला वाटते.

अमेरिकेतील एनबीसी या वाहिनीचा ‘डेटलाइन’ नावाचा वृत्तविषयक कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला त्यात ‘वेटिंग टू एक्सप्लोड?’ हा वृत्तांत दाखवला गेला. विषय गंभीर होता. जनरल मोटर्स कंपनीने १९७३ ते १९८७ या काळात बनवलेल्या पिकअप जातीच्या छोट्या मालमोटारींत इंधनाच्या टाक्या चासीच्या मुख्य पोलादी तुळयांच्या बाहेर, अगदी कडेला बसवलेल्या होत्या. बाजूने दुसरे वाहन आदळले तर तो मार थेट टाकीवर बसण्याचा धोका होता. अशा अपघातांत माणसे होरपळून मेली होती, कंपनीवर खटले चालू होते. वृत्तांतात अपघातात मुलगा गमावलेले आईवडील बोलले, कंपनीत पूर्वी काम केलेला अभियंता बोलला. जवळजवळ पंधरा मिनिटांच्या या वृत्तांतात मिनिटभराहून थोडा कमी असा एक भाग होता, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो तेवढाच. उभ्या पिकअपवर बाजूने एक मोटार येऊन आदळते, आणि क्षणात ज्वाळा भडकतात.

निवेदनात सांगितले होते की वाहिनीने एका संस्थेकडून दोन टकरींचे प्रात्यक्षिक करून घेतले. ताशी सुमारे ४० मैल वेगाच्या टकरीत गळती झाली नाही आणि आगही लागली नाही. सुमारे ३० मैल वेगाच्या टकरीत मात्र टाकीला छोटे भोक पडले, दाबामुळे झाकणातून पेट्रोल उसळले आणि आदळणाऱ्या मोटारीच्या दिव्यामुळे ते पेटले. एक टक्कर आगीविना गेली हे वाहिनीने लपवले नव्हते, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण तिथेच विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थबकायला हवे होते. अधिक वेगाने आग नाही, कमी वेगाने आग, आणि प्रयोग दोनच. यावरून काय ठरते? काहीच ठरत नाही. तरीही दुसऱ्या टकरीचे चित्र इतके जबरदस्त होते की पहिल्या टकरीचे वाक्य त्यापुढे पुसले गेले.

आपण आठवीच्या मुलाला प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशी शीर्षके लिहायला लावतो. ती मुलांना कंटाळवाणी वाटतात, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा आपल्यालाही. डेटलाइनच्या प्रयोगाची वही या शीर्षकांखाली लिहून पाहू. उद्देश स्पष्ट होता. निरीक्षण डोळ्यांसमोर होते. अनुमान निवेदकाच्या तोंडी होते. साहित्य आणि कृती या दोन जागा मात्र जवळजवळ कोऱ्या होत्या, आणि त्या कोऱ्या जागी काय लिहायला हवे होते ते तीन महिन्यांनी बाहेर आले.

साहित्य: पिकअपच्या खालच्या बाजूला, टाकीजवळ, हौशी मुले मैदानात उडवतात तशा छोट्या रॉकेटांची इंजिने चिकटवलेली होती. टकरीच्या वेळी ती दूरनियंत्रकाने पेटवायची योजना होती. टाकी काठोकाठ भरलेली होती. तिचे झाकण मूळचे नव्हते आणि ते नीट बसत नव्हते. कृती: कंपनीच्या तज्ज्ञांनी चित्रणावरून काढलेला टकरीचा वेग ताशी ३० मैल नव्हे तर सुमारे ३९ मैल होता, आणि दुसऱ्या टकरीचा ४० नव्हे तर सुमारे ४७. आदळणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३९ भागिले ३० म्हणजे १.३, त्याचा वर्ग १.६९. म्हणजे सांगितलेल्या ऊर्जेपेक्षा जवळजवळ ७० टक्के अधिक ऊर्जा त्या टाकीच्या दिशेने आली होती. वर्गात गतिज ऊर्जेचे सूत्र शिकवताना हे गणित अवश्य घालावे. पुस्तकातल्या चेंडूपेक्षा ते मुलांना अधिक आठवेल.

निरीक्षणातही गफलत होती. कंपनीने ती टाकी मिळवून तिची क्ष-किरणांनी तपासणी केली, तेव्हा भोक सापडले नाही. आग मुख्यतः झाकणातून सांडलेल्या पेट्रोलची आणि गवताची होती आणि सुमारे पंधरा सेकंदांत विझली होती. हे दुसऱ्या बाजूच्या चित्रणात दिसत होते, पण पडद्यावर आलेल्या संकलनात दिसत नव्हते. कॅमेरा कोठे ठेवला आणि तुकडे कसे जोडले, हाही कृतीचाच भाग असतो.

हे उघडकीला कसे आले, ती हकिगत एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. चाचणीच्या वेळी बंदोबस्ताला आलेल्या अग्निशामक दलाच्या लोकांनी स्वतःही चित्रण केले होते. मोटारींच्या शौकिनांसाठी निघणाऱ्या एका मासिकाच्या संपादकाकडे कुणकुण पोचली आणि त्याने ती कंपनीला कळवली. कंपनीने वाहिनीकडे वाहने तपासायला मागितली, तेव्हा ती मोडीत काढल्याचे उत्तर मिळाले. मग कंपनीने भंगाराची आगारे धुंडाळून ती वाहने शोधून काढली. ८ फेब्रुवारी १९९३ रोजी कंपनीचे हॅरी पिअर्स यांनी पत्रकारांसमोर सगळा पुरावा मांडला आणि वाहिनीवर दावा लावल्याचे जाहीर केले. त्याआधीच्या पत्रव्यवहारात वाहिनीची भूमिका, वृत्तांतात काही चुकीचे किंवा दिशाभूल करणारे नाही, अशीच होती. दुसऱ्याच दिवशी, ९ फेब्रुवारीला, त्याच कार्यक्रमात त्याच दोन निवेदकांनी, जेन पॉली आणि स्टोन फिलिप्स यांनी, तीन मिनिटांहून अधिक वेळ क्षमायाचना वाचून दाखवली. वाहिनीने कंपनीच्या तपासाचा सुमारे वीस लाख डॉलर खर्च भरून दिला. मार्चमध्ये वृत्तविभागाचे अध्यक्ष मायकेल गार्टनर यांनी राजीनामा दिला.

क्षमायाचना त्याच कार्यक्रमात, त्याच चेहऱ्यांनी, सविस्तर केली, ही गोष्ट आम्ही मोठी मानतो. आपल्याकडच्या वाहिन्यांवर चुकीची दुरुस्ती झालीच तर पडद्याच्या तळाशी पळणाऱ्या पट्टीत होते. परंतु त्या क्षमायाचनेतला एक शब्द आम्हाला अजूनही खटकतो. यापुढे आमच्या गंभीर बातम्यांत अशास्त्रीय प्रात्यक्षिकांना स्थान नसेल, अशा आशयाचे धोरण वाहिनीने जाहीर केले. ‘अशास्त्रीय’ हा शब्द इथे आड लपायला वापरला आहे. जणू प्रयोगशाळेतले शिस्तशीर काम आपल्याला जमले नाही, एवढाच काय तो अपराध.

मुळात ठिणगी मुद्दाम पुरवणे हे काही अशास्त्रीय नाही. विज्ञानाचा प्रयोग म्हणजे मुद्दाम केलेला हस्तक्षेपच असतो. रस्त्यावरच्या अपघातात ठिणगी कोठून ना कोठून पडतेच, म्हणून आम्ही ती हमखास पडेल अशी व्यवस्था केली, असे एखादा अभियंता म्हणाला तर त्यात विचार करण्यासारखे काही आहे. मात्र मग त्याने प्रेक्षकाला तेवढे सांगायला हवे: ठिणगी आम्ही दिली, पेट्रोल बाहेर येते की नाही एवढेच पाहायचे होते. असे सांगितले असते तर चित्राचा दरारा निम्म्याने उतरला असता, आणि उरला असता तो खरा प्रश्न. न सांगता, वर मोटारीच्या दिव्याने आग लागली असे निवेदन जोडले, तेव्हा प्रात्यक्षिक ‘अशास्त्रीय’ राहिले नाही, ते असत्य झाले. हे दोन दोष वेगळे आहेत. पहिल्याला सराव हा उपाय आहे, दुसऱ्याला तो पुरत नाही.

योग्य रीत ठाऊक नव्हती असेही नाही. मोटारींच्या इंधनगळतीविषयी अमेरिकेचे ३०१ क्रमांकाचे सरकारी मानक तेव्हा लागू होतेच. त्यातील चाचणीत पेट्रोल भरतच नाहीत. त्याऐवजी सहज न पेटणारा एक द्रावक टाकीच्या ९० ते ९५ टक्के भरतात, ठरलेल्या वेगाने आघात करतात आणि किती द्रव किती मिनिटांत गळला ते मोजतात. आगीचा प्रश्नच येत नाही, कारण आग लागणे पुष्कळसे योगायोगावर अवलंबून असते आणि गळती मोजता येते. पण गळलेल्या ग्रॅमांचा तक्ता पडद्यावर कोण पाहणार? दूरचित्रवाणीला ज्वाळा लागतात. आमच्या मते या प्रकरणाचे मूळ इथे आहे. जे मोजायला हवे ते दिसायला नीरस असते, आणि जे दिसायला नेत्रदीपक असते त्यातून काही मोजले जात नाही.

त्या मालमोटारींचे पुढे काय झाले हे फारच थोड्यांना आठवते. पत्रकार परिषदेच्या चारच दिवस आधी, ४ फेब्रुवारी १९९३ रोजी, अटलांटा येथील ज्यूरीने अशाच एका पिकअपमध्ये जळून मेलेल्या तरुणाच्या आईवडिलांना साडेदहा कोटी डॉलर देण्याचा निकाल दिला होता. वर्तमानपत्रांत तेव्हा चर्चा टाकीची होती. आठवड्याभरात ती रॉकेटांची झाली. तो निकाल १९९४ मध्ये अपिलात रद्द झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेचे वाहतूकमंत्री फेडेरिको पेन्या यांनी, या वाहनांत दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला. अशा आगींत सुमारे दीडशे माणसे मेली असावीत, असा सरकारचा अंदाज होता. डिसेंबरात कंपनीने सुरक्षिततेच्या कार्यक्रमांसाठी ५ कोटी १० लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यायची अशी तडजोड झाली आणि वाहने परत बोलावली गेली नाहीत. १९८८ च्या नव्या रचनेत कंपनीने टाकी तुळयांच्या आत हलवली होती, पण आधीची लाखो वाहने रस्त्यावरच होती. तडजोडीला कायद्याची आणि राजकारणाची पुष्कळ कारणे होती; ती सगळी त्या मिनिटभराच्या चित्रफितीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि टाक्यांवर बोट ठेवणाऱ्या प्रत्येकाला त्यानंतर रॉकेटांचे उत्तर ऐकावे लागले, यात शंका नाही. बनावट पुराव्याने खऱ्या तक्रारीची सर्वांत मोठी हानी केली.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. जनरल मोटर्सकडे अभियंते होते, क्ष-किरण यंत्रे होती, वकील होते, भंगारात माणसे धाडण्याइतका पैसा होता. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्याचे काय?

३० ऑगस्ट २००७ रोजी दिल्लीत ‘लाइव्ह इंडिया’ या वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने केलेले एक चित्रण दाखवले. एका सरकारी शाळेतील शिक्षिका आपल्या विद्यार्थिनींना वेश्याव्यवसायात ढकलते, असा आरोप त्यात होता. बातमी पाहून शाळेबाहेर जमाव जमला, शिक्षिकेला मारहाण झाली, तिचे कपडे फाडले गेले. तिला अटक झाली, नोकरीही गेली. पुढे पोलिसांच्या तपासात असे निघाले की चित्रणात विद्यार्थिनी म्हणून दाखवलेली मुलगी त्या शाळेची विद्यार्थिनी नव्हतीच; ती पत्रकारितेत येऊ पाहणारी तरुणी होती. शिक्षिकेविरुद्ध पुरावा मिळाला नाही आणि तिची मुक्तता झाली. वार्ताहराला अटक झाली आणि केंद्र सरकारने वाहिनीचे प्रक्षेपण एक महिना बंद ठेवायला लावले. एक महिना! त्या बाईंनी त्या दिवशी रस्त्यावर जे सोसले त्याच्याशी या महिन्याची तुलना वाचकांनीच करावी.

दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. १४ डिसेंबर २००७ च्या आदेशात छुप्या चित्रणासाठी काही मार्गदर्शक सूचना मांडलेल्या आहेत. त्या वाचताना आम्हाला आपल्या प्रयोगवहीचीच आठवण झाली. चित्रणाच्या निरनिराळ्या टप्प्यांची लेखी नोंद त्या त्या वेळीच ठेवावी. चित्रण खरे असल्याचे प्रमाणपत्र ते करणाऱ्याने द्यावे. तपासणाऱ्या समितीपुढे संकलित आणि असंकलित, दोन्ही फिती ठेवाव्यात. दाखवताना तारीख आणि वेळ सांगावी. न्यायमूर्तींनी साहित्य आणि कृती मागितली होती, असे म्हटले तर चालेल. मूळ नोंद जपणे आणि दुसऱ्याला ती तपासू देणे, हे संशोधनात आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. ते आम्हीही सगळे नेहमी पाळतो असे नाही; शोधनिबंध मागे घ्यावे लागल्याच्या बातम्या येतातच. फरक एवढाच की तिथे मागणाऱ्याला मूळ नोंद मागण्याचा हक्क आहे असे निदान सर्वजण मानतात. बातमीच्या प्रेक्षकाला असा हक्क कोणी दिलेला नाही.

न्यायालय आणि नियामक मंडळे काय करायचे ते करतील. वर्गात करता येण्यासारखी एक गोष्ट मात्र आम्ही सुचवतो. संध्याकाळच्या बातम्यांतली एखादी चित्रासह आलेली बातमी मुलांना प्रयोगवहीत उतरवायला सांगावी, नेहमीच्याच शीर्षकांखाली. चित्र कोणी काढले, केव्हा, कोठे. ते त्याच घटनेचे की जुन्या घटनेचे. आधी आणि नंतर काय होते. एकच माणूस सांगतो आहे की दोन निरनिराळी माणसे. आम्ही हे एका शाळेत करून पाहिले. मुलांनी पहिल्याच दिवशी उत्साहाने सगळ्या बातम्या खोट्या ठरवून टाकल्या. तिथे त्यांना अडवावे लागले. साहित्याची जागा कोरी आहे याचा अर्थ बातमी खोटी आहे असा होत नाही. तपासता येत नाही, एवढाच होतो. पिकअपची टाकी धोक्याच्या जागी होती, ही बातमी खरीच होती ना?

शेवटी त्याच मुलांतल्या एकीने जिची वही पूर्ण भरते अशी बातमी शोधून आणली. ती मुंबईच्या पावसाची होती: चोवीस तासांत इतके मिलिमीटर, सकाळी साडेआठपर्यंत, कुलाबा वेधशाळेत इतका आणि सांताक्रूझला इतका. दोन आकडे निराळे का, असा तिचा प्रश्न होता, आणि त्या तासाचा उरलेला वेळ पर्जन्यमापकात गेला.